मोडकळीस आलेले घर विकताना

पुण्याच्या पेठांतील दुमजली वाडा असो, वाईच्या घाटालगतचे चौसोपी घर असो किंवा राजापूर-देवगडकडचे जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर असो, ते विकण्याचा विषय कुटुंबात एकदा निघाला म्हणजे त्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारला जातो : आधी दुरुस्ती करून मग विकावे, की आहे त्या स्थितीत देऊन मोकळे व्हावे? प्रश्न स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या वडिलार्जित घराची फुटकी कौले आणि पोपडे धरलेल्या भिंती पाहून मनाला जी टोचणी लागते तिच्यातूनच तो उद्भवतो. परंतु तो दुसरा प्रश्न आहे, पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा की, आपण नेमके काय विकत आहोत : वास्तू, तिच्याखालची जमीन, की एका सामाईक मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा? याचे उत्तर निश्चित झाल्यावाचून गवंड्याला बोलावण्यात अर्थ नाही, कारण खरेदीदार ज्या वस्तूसाठी पैसे मोजणार आहे तिच्यावर आपण एक रुपयाही खर्च केलेला नाही आणि जी वस्तू तो ताबा घेताच पाडून टाकणार आहे तिला मात्र आपण नवे प्लास्टर चढविले, असा प्रकार अनेक घरांत घडलेला आहे.

सदाशिव किंवा नारायण पेठेतील वाड्याचा खरेदीदार बहुधा बांधकाम व्यावसायिक असतो, आणि त्याच्या हिशेबात वाड्याच्या सागवानी खांबांना फारसे स्थान नसते. जागेचे क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, तेथे अनुज्ञेय असणारा चटई क्षेत्र निर्देशांक आणि आत राहणाऱ्या भाडेकरूंची संख्या या चार गोष्टींवरून तो आकडा मांडतो. अशा घराच्या दुरुस्तीवर केलेला खर्च किमतीत परत मिळत नाही. याच्या उलट कोकणातील किंवा वाई-मेणवलीकडील घर घेणारा मनुष्य पुष्कळदा त्या घरासाठीच आलेला असतो. त्याला ओटी, माजघर, मागीलदारची विहीर हवी असते, आणि तेथे वासे व रिपा सुस्थितीत असणे याला रोकडे मोल असते. या दोहोंच्या मधली एक अवस्था शनिवारवाड्याच्या परिसरात राहणाऱ्यांच्या वाट्याला आलेली आहे. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, असा नियम प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने कायद्याचाच भाग झाला. त्यामुळे त्या पहिल्या कक्षेतील जुन्या वाड्यांना पुनर्विकासासाठी ग्राहक मिळणे दुरापास्त झाले आहे. तेथे रीतसर परवानगी घेऊन केलेली दुरुस्ती हाच मार्ग मोकळा राहतो, आणि म्हणून तेथे खरेदीदारही दुरुस्ती करून राहणारा असाच शोधावा लागतो. एकाच शहरात, अर्ध्या कोसाच्या आत, एकाच वयाच्या दोन वाड्यांसाठी विक्रीचा उत्तम मार्ग भिन्न असू शकतो.

आता कागदांविषयी. जुन्या घराच्या भिंतींहून त्याचे कागद अधिक जीर्ण झालेले असतात, आणि घराची किंमत भिंतींपेक्षा कागदांमुळे अधिक घटते, ही गोष्ट विक्रेत्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. शहरात नगर भूमापन कार्यालयाकडील मिळकत पत्रिकेचा उतारा काढला म्हणजे पुष्कळदा असे दिसते की, आजोबांचेच नाव अद्याप धारक म्हणून उभे आहे, वारसनोंद झालेलीच नाही, आणि एखाद्या जुन्या गहाणाचा बोजा फेड होऊनही कमी केलेला नाही. गावात तर कित्येक कुटुंबे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हाच मालकीचा दाखला समजून निश्चिंत असतात. वस्तुतः तो कर आकारणीचा कागद आहे, मालकी सिद्ध करण्यास तो पुरेसा होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले आहे. ज्यांच्या गावी ती तयार झाली असेल त्यांनी ती विक्रीच्या कितीतरी आधी काढून तीवरील नावे, क्षेत्र आणि चतुःसीमा तपासून घ्याव्यात.

वारसांचा प्रश्न याहून नाजूक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली दिला; तथापि विक्रीची बोलणी पूर्ण होईपर्यंत बहिणींना काही सांगावयाचे नाही आणि शेवटच्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरते बोलवावयाचे, ही चाल अजून पुष्कळ घरांतून चालू आहे. ती अन्यायाची तर आहेच, पण व्यवहारदृष्ट्याही घातक आहे, कारण सही न झालेला एक हिस्सा संपूर्ण विक्री अडवून धरू शकतो. वारसाने आलेल्या स्थावरातील आपला हिस्सा एखाद्या वारसाने विकावयास काढल्यास प्रथम वर्गातील इतर वारसांना तो आधी घेण्याचा अग्रहक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने दिलेला आहे. आणि परक्या माणसाने राहत्या सामाईक घरातील एक हिस्सा विकत घेतलाच, तरी त्याला घरात येऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटपाचा दावा लावतो, आणि अशा वेळी घरातील हिस्सेदारांना न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा परत घेण्याची सोय १८९३ च्या विभाजन कायद्यात आहे. अविभक्त हिस्सा बाजारात कवडीमोलाने जातो तो याच कारणाने. ज्याला आपला हिस्सा मोकळा करावयाचा आहे त्याने बाहेरचे गिऱ्हाईक शोधण्याआधी भावाबहिणींसमोर प्रस्ताव ठेवावा, हे केवळ सौजन्य नव्हे. बहुतेक वेळी सर्वांत चांगली किंमतही तेथेच मिळते.

भाडेकरू असतील तर तेही विक्रीबरोबर नव्या मालकाकडे जातात. पूर्वी १९४७ च्या आणि आता १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. इमारत धोकादायक ठरून पाडावी लागली म्हणून त्यांचा हक्क आपोआप विलयास जातो, ही समजूत चुकीची आहे. दोन-तीन पिढ्या नाममात्र भाड्याने राहिलेल्या बिऱ्हाडांना ती जागाच विकत देणे, हा मार्ग मालक मानापमानाच्या भावनेने पुष्कळदा विचारातही घेत नाहीत. मला तो अनेक प्रसंगी उत्तम वाटतो : घराचे गुणदोष त्या बिऱ्हाडांना ठाऊक असतात, रिकामा ताबा देण्याची जबाबदारी मालकावर येत नाही, आणि दहा वर्षांचा दावा वाचतो.

हे सर्व मार्गी लागल्यावर मग घराकडे पाहावे; आणि पाहावे ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात पाहिलेले घर आपले दुखणे सांगत नाही. जुन्या लाकडी बांधणीत सर्वप्रथम कोठे बिघडते हे जाणत्या सुताराला विचारले तर तो उघड्या दिसणाऱ्या तुळईकडे पाहतही नाही. तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते तेथे तो आपली पटाशी किंवा टोकदार सळई टेकवतो. भिंतीतून झिरपणारी ओल त्या टोकाशी साचते, तेथे वारा लागत नाही, आणि बाहेरून तांबूस, चकचकीत दिसणारे सागवान आत शिरताच भुसभुशीत झालेले असते. सळई बोटभर सहज आत गेली तर ते टोक गेले असे समजावे. टणक अडली आणि ठोकल्यावर भरीव आवाज आला तर उरलेल्या तुळईची काळजी नाही. खालच्या अंगाने मातीच्या नळीसारखी वाळवीची वाट वर चढलेली आहे काय, खांबाचा पाया दगडी उथळ्यावर कोरडा आहे की कोणी मागाहून केलेल्या फरशीत गाडला गेला आहे, पन्हळीचे पाणी जोत्यापासून दूर पडते की त्यालाच खाते, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे घराचे निम्मे निदान झाले.

येथेच विक्रेत्यांच्या नेहमीच्या चुकीविषयी सांगितले पाहिजे. घर बरे दिसावे म्हणून मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा देऊन वर झगझगीत रंग फासण्याची प्रथा पडली आहे. चुना आणि माती ओल शोषतात आणि बाहेरही सोडतात. सिमेंटचा थर ती आतच कोंडून धरतो, आणि एका पावसाळ्यात त्याचे फुगे येऊन थरच्या थर सुटू लागतात. म्हणजे पैसा गेला, भिंत बिघडली, आणि जाणत्या खरेदीदाराच्या मनात संशय उत्पन्न झाला तो वेगळाच, कारण जुन्या घरावरचा ताजा गिलावा पाहिला की याच्या खाली काय झाकले आहे, हाच विचार त्याला प्रथम सुचतो. यास्तव दर्शनी दुरुस्ती करू नये. छप्पर मात्र अवश्य राखावे. कौले शाकारून घेणे, तडकलेली बदलणे, कुजलेल्या रिपा काढणे, पन्हळी साफ करणे, एवढा खर्च कोणत्याही मार्गाने विक्री व्हावयाची असली तरी, तत्काळ पाडकाम ठरलेला वाडा वगळता, सार्थकी लागतो. त्याला कायद्याचेही एक कारण आहे : साठेखत झाल्यापासून ताबा देईपर्यंत मिळकतीची सामान्य शहाण्या मालकाप्रमाणे काळजी घेण्याचे कर्तव्य विक्रेत्याचेच असते, आणि ज्येष्ठात विसार घेऊन दिवाळीत खरेदीखत ठरले असेल तर मधला सारा पावसाळा विक्रेत्याच्या जोखमीचा असतो.

मोठ्या दुरुस्तीचा हिशेब काहीसा वेगळा आहे. उदाहरणादाखल असे धरा की, सुस्थितीत असते तर एक घर ६० लाखांना गेले असते, दुरुस्तीचा खरा खर्च १० लाख आहे, आणि तरीही खरेदीदार ४५ लाखांच्या वर जावयास तयार नाही. दहाच्या खर्चासाठी तो पंधरा कापतो, कारण भिंत उघडल्यावर आणखी काय निघेल हे त्याला ठाऊक नसते आणि त्या अज्ञाताची किंमत तो आपल्याकडून वसूल करतो. आता मालकाने स्वतः दुरुस्ती काढली तर कागदावर ५ लाख अधिक मिळावयास हवेत. परंतु काम सहा महिने चालते, अंदाजपत्रक क्वचितच पाळले जाते, गावाबाहेर नोकरी करणाऱ्यास देखरेख ठेवता येत नाही, आणि नव्या मालकाला स्वयंपाकघर जेथे हवे असते तेथे आपण न्हाणीघर बांधून बसलेले असतो. त्या पाच लाखांपैकी हाती काय राहील हे सांगणे कठीण. याउलट अनुभवी संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घेऊन कोणता भाग सुरक्षित, कोणता बदलणे भाग, त्यास अंदाजे किती खर्च, असा सही-शिक्क्यानिशी अहवाल तयार ठेवला तर खरेदीदाराचे अज्ञात ज्ञात होते, आणि दहाच्या खर्चासाठी तो दहा-अकराच कापू लागतो. दुरुस्ती न करता तिचे विश्वसनीय अंदाजपत्रक देणे, हा राहण्याजोग्या जुन्या घराच्या विक्रीतील सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपेक्षित उपाय होय. जुन्या भारवाही भिंतींच्या घरांवर कर्ज देताना बँका कुरकुरतात. असा अहवाल हाती असल्यास निदान बोलणी सुरू होतात, आणि कर्ज मिळू शकणाऱ्या घरास गिऱ्हाईकही अधिक येतात.

दोष सांगितल्याने किंमत पडते, या भीतीने पुष्कळ माणसे गप्प राहतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे पंचावन्नावे कलम याबाबत निःसंदिग्ध आहे : मिळकतीतील किंवा तिच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे, खरेदीदारास माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे, न केल्यास ते कपट ठरते. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द खरेदीखतात घातल्याने हे कर्तव्य टळत नाही. महापालिकेने इमारत धोकादायक ठरवून नोटीस दिलेली असताना ती पेटीत ठेवून सौदा करणे म्हणजे पुढील वर्षी न्यायालयाचा उंबरठा चढणे होय. नोटीस, अभियंत्याचा अहवाल आणि ज्ञात दोषांची यादी साठेखतास जोडावी आणि खरेदीदाराची त्यावर सही घ्यावी. त्याने विक्रेत्याची झोप शाबूत राहते.

मोडक्या घराच्या बाबतीत सरकारी मूल्यांकनाची एक विशेष अडचण आहे. मुद्रांक शुल्कासाठी शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तो प्रमाण धरला जातो, आणि घराची खरी किंमत त्याहून कमी असली तरी शुल्क त्या दरानेच लागते. विक्रेत्यालाही त्याचा फटका बसतो : प्रत्यक्ष किंमत आणि सरकारी मूल्य यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर पडल्यास सरकारी मूल्य हीच विक्रीची किंमत मानून प्राप्तिकर आकारला जातो, आणि खरेदीदाराच्याही पदरी त्या फरकावर कर येऊ शकतो. सबब बांधकामाच्या वयाप्रमाणे तक्त्यात जी घसाऱ्याची तरतूद आहे तिचा लाभ मूल्यांकनात घेतला गेला आहे की नाही हे आधी पाहावे. तरीही तफावत राहिली तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्त सादर करता येतो, आणि प्राप्तिकराच्या वेळी विभागाच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. २००१ पूर्वीच्या मिळकतीसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी मूल्य हा खरेदी खर्च धरता येतो. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून ते काढून घ्यावे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाविना साडेबारा टक्के हा दर आला. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांक लावून वीस टक्के हा जुना हिशेबही करून पाहता येतो, आणि जो कमी येईल तो भरता येतो. काही रक्कम रोख घेऊन किंमत कमी दाखविण्याचा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

बांधकाम व्यावसायिकाशी व्यवहार करावयाचा तर सरळ विक्री करावी की विकसन करार करून नव्या इमारतीत जागा घ्यावी, असा पेच पडतो. ज्यांचे वय झाले आहे, ज्यांच्यात वारस अनेक आहेत आणि ज्यांना त्या गावी राहावयाचे नाही, त्यांनी कमी वाटली तरी रोकडी किंमत घेऊन खरेदीखत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विकसन करारात आकडा मोठा दिसतो, पण तो तीन-चार वर्षांनी आणि जागेच्या रूपाने यावयाचा असतो, आणि मध्येच काम थांबले तर वाडाही गेलेला असतो. हा मार्ग पत्करावयाचाच असेल तर पर्यायी जागेचे भाडे, कामाची मुदत, मुदत टळल्यास भरपाई आणि बँकेची हमी या बाबी कुलमुखत्यारपत्र देण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे; तेव्हा ‘खरेदीखत पुढे पाहू’ असे म्हणणाऱ्या घाईच्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार द्यावा. वाडा पडणारच असेल तर सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी आणि घडीव दगड यांची किंमत स्वतंत्र काढून ती सौद्यात धरावी किंवा तो माल आपल्याकडे राखून ठेवल्याचे लिहावे. तोंडी ठरलेली ही गोष्ट पाडकामाच्या दिवशी कोणालाही आठवत नाही.

कोकणात आणखी एक पथ्य आहे. घर गावठाणात नसून आंब्या-माडांच्या वाडीत, म्हणजे सातबाऱ्यावरील शेतजमिनीत असेल, तर शेतकरी नसलेल्या माणसास ती जमीन १९४८ च्या कुळकायद्यान्वये परवानगीवाचून विकता येत नाही. मुंबईचा हौशी खरेदीदार कितीही मोठी किंमत देऊ करीत असला, तरी तो शेतकरी खातेदार आहे काय हे आधी विचारावे. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात तर पतिपत्नींच्या समाईक मालकीचा कायदा आहे. तेथील घराच्या विक्रीपत्रावर विक्रेत्याच्या जोडीदाराची सही सर्वसाधारणपणे लागतेच, आणि मालक निवर्तला असल्यास वारसांच्या नोंदीची तेथील पद्धतही निराळी आहे.

ज्यांच्या कुटुंबात असे एखादे घर आहे त्यांना माझी विनंती आहे की, विक्रीचा निश्चय झालेला असो वा नसो, घरातील वडीलधारी माणसे सांगावयास आहेत तोवर मिळकत पत्रिकेचा किंवा सातबाऱ्याचा ताजा उतारा काढा, जुने खरेदीखत, वाटणीपत्र, कराच्या पावत्या आणि भाडेकरूंचे कागद एकत्र लावा, वारसांची नोंद करून घ्या, आणि मृगापूर्वी कौले शाकारणाऱ्याला घरावर चढवा. खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. त्याआधीची ही सगळी तयारी मात्र आजपासून करता येण्याजोगी आहे.